पायांखालचा नकाशा

'मोझेक' हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती लादी. संगमरवराच्या रंगीत कपच्या सिमेंटात मिसळून, ती वाळल्यावर घासून गुळगुळीत केलेली. बँकेत, इस्पितळात, जुन्या सरकारी कचेऱ्यांत आणि आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यातही पसरलेली. तिच्यावरून आपण रोज ये-जा करतो आणि तिच्याकडे कधी पाहत नाही. म्हणूनच इतिहासाच्या तासाला 'बायझंटाइन मोझेक' हे शब्द प्रथम कानांवर पडले तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. लादीचा आणि सम्राटांचा काय संबंध?

संबंध आहे, पण आपली लादी ही त्या कुळातली फार दूरची नातेवाईक. मूळ मोझेकमध्ये कपच्या मिसळत नाहीत, मांडतात. दगडाचे, भाजलेल्या मातीचे किंवा काचेचे लहान लहान चौकोनी खडे तासून घ्यायचे आणि ओल्या चुन्यावर एकेक करून असे बसवायचे की त्यांतून चित्र उमटावे. विद्वानांनी ह्या कलेला मराठीत 'कुट्टिमचित्रण' असा भारदस्त शब्द योजला आहे. कुट्टिम म्हणजे संस्कृतात फरसबंद भूमी. शब्द अचूक आहे, पण उच्चारताना दातांखाली खडा यावा असा आहे. तेव्हा मी आपला मोझेकच म्हणेन.

बायझंटाइन म्हणजे पूर्वेकडील रोमन साम्राज्याचे. पश्चिमेकडील रोमची सत्ता पाचव्या शतकात कोसळली तरी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, ही राजधानी असलेले पूर्वेचे साम्राज्य १४५३ पर्यंत ह्या ना त्या रूपाने टिकून होते. त्याची भाषा मुख्यतः ग्रीक, धर्म ख्रिस्ती, आणि त्याचा सर्वांत गाजलेला सम्राट म्हणजे ५२७ ते ५६५ ह्या काळात राज्य करणारा जस्टिनियन. ह्या साम्राज्याची मोझेक म्हटली की कलेच्या पुस्तकांत इटलीतील राव्हेना नाही तर इस्तंबूलची हागिया सोफिया ह्यांच्या भिंती दिसतात. सोनेरी काचेच्या पार्श्वभूमीवर उभे असलेले संत आणि राजेराण्या. त्या भिंतींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला ओढ लागली ती जमिनींची. भिंतीकडे माणूस मान वर करून आदराने पाहतो. जमिनीवर तो चालतो, ती धुतो, ती उखडली तर डागडुजी करतो आणि कधी तिच्यावर घरही बांधतो. जॉर्डन देशातल्या मदाबा नावाच्या गावात नेमके हेच सारे घडले. मी मदाबाला गेलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी सारी भटकंती छायाचित्रांवर भिंग धरून झालेली आहे.

अम्मानपासून तीसेक किलोमीटरवर नैर्ऋत्येस, मृत समुद्राच्या पूर्वेकडील पठारावर हे गाव आहे. नाव फार जुने. बायबलच्या मराठी भाषांतरात ते 'मेदबा' म्हणून येते. मवाबचा राजा मेशा ह्याचा इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला जो शिलालेख १८६८ मध्ये सापडला, त्यातही ह्या भूमीचा उल्लेख आहे. पुढे रोमन आले, मग गाव ख्रिस्ती झाले, तेथे बिशप बसू लागला, आणि सहाव्या शतकात एवढ्याशा गावात एकामागून एक चर्च उभी राहिली. प्रत्येकाची जमीन मोझेकची. सातव्या शतकात अरबांचे राज्य आले, तरीही चर्चमधली प्रार्थना आणि कारागिरांचे काम एकदम थांबले नाही. मग ७४९ मध्ये त्या प्रदेशाला मोठा भूकंप झाला. त्यातून गाव नीट सावरले नाही, आणि हळूहळू ओस पडले. भिंती ढासळल्या, छपरे खाली आली, वाऱ्याने माती आणली, गवत उगवले. हजार वर्षांहून अधिक काळ मदाबा म्हणजे दगडमातीचा एक मोठा उंचवटा होता.

आज प्रवासी 'मदाबाचे जुने गाव' पाहायला जातात. पण गंमत अशी की हे जुने गाव वयाने मुंबई विद्यापीठाहून लहान आहे. विद्यापीठ १८५७ चे. मदाबा पुन्हा वसले ते १८८० मध्ये. दक्षिणेकडील केरक गावातली अरब ख्रिस्ती कुटुंबे, सुमारे नव्वद म्हणतात, तेथील भांडणतंट्याला कंटाळून निघाली आणि ह्या ओसाड उंचवट्यावर येऊन राहिली. अंमल तुर्कांचा होता. घरे बांधायला दगड हवा, तो तेथे आयताच पडलेला होता. पाया खणावा तर खाली घडीव दगडांची भिंत लागे, आणि थोडे आणखी खाली गेले की रंगीत जमीन. काही घरांत तर त्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या जमिनी तशाच राहत्या खोल्यांची जमीन म्हणून वापरात आल्या. १८८७ मध्ये कुमारी मरियमच्या नावाचे एक गोल चर्च उजेडात आले, तेही एका घराखालीच.

चर्च बांधण्याच्या बाबतीत मात्र एक अट होती. तुर्की अंमलात नवे चर्च उभारायला परवानगी मिळे ती जेथे पूर्वी चर्च होते अशाच जागी. त्यामुळे मदाबाच्या नव्या रहिवाशांना जुन्या चर्चचे अवशेष शोधावेच लागले. म्हणजे पाहा, एका परक्या सरकारच्या नियमामुळे एक अख्खे गाव उत्खनन करू लागले! त्या शोधाशोधीत पुष्कळ जमिनी सापडल्या आणि त्याच शोधाशोधीत पुष्कळ मोडल्या. नव्या भिंतीचा पाया जुन्या चित्राच्या मधूनच गेला. त्या लोकांना नावे ठेवण्याचे धाडस मला होत नाही. डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला पायाखालच्या चित्राची किंमत विचारणे सोपे नाही.

ह्याच धांदलीत, १८८४ मध्ये, गावाच्या उत्तर भागात, जेथे आज सेंट जॉर्जचे ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आहे तेथे एक वेगळीच जमीन दिसली. तिच्यावर पशुपक्षी आणि द्राक्षवेली नव्हत्या. होती ती गावांची नावे. ह्यापुढची हकीकत अशी सांगतात: एका भिक्षूने जेरुसलेमच्या धर्मगुरूंना, म्हणजे पेट्रिआर्कना, पत्र लिहून कळवले की येथल्या जमिनीवर जेरुसलेम, गाझा अशी शहरांची नावे लिहिलेली आहेत. त्या पत्राला उत्तरच गेले नाही. काही वर्षांनी नवे पेट्रिआर्क आले, त्यांच्या हाती ते पत्र लागले, आणि त्यांनी चर्च बांधणाऱ्या मिस्त्रीला सांगितले की जमीन चांगली असेल तर ती नव्या इमारतीत सांभाळून घ्या. मिस्त्रीला ती काही विशेष वाटली नाही. १८९६ मध्ये चर्च पुरे झाले. नकाशाचा पुष्कळ भाग तोवर नाहीसा झाला होता. मग जेरुसलेमच्या पेट्रिआर्केटचे ग्रंथपाल क्लिओपास कोइकिलिदेस तेथे गेले, त्यांनी जमीन पाहिली, अक्षरे वाचली, आणि १८९७ मध्ये ती जगापुढे मांडली. सहाव्या शतकातला, पवित्र भूमीचा आपल्याला ज्ञात असलेला सर्वांत जुना नकाशा त्या दिवशी जगाला मिळाला. एका ग्रंथपालाला तो ओळखता आला, ह्याचे आपल्या वाचनालयात बसणाऱ्यांना थोडे बरे वाटायला हरकत नाही.

आता नकाशाकडे वळू. आज उरलेला भाग सुमारे १६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या मोठ्या वर्गखोलीहून लांब. मूळ नकाशा ह्याहून बराच मोठा होता. लेबनॉनपासून नाईलच्या मुखापर्यंतचा प्रदेश त्यात मावलेला होता, आणि त्यासाठी वीस लाखांहून अधिक खडे लागले असावेत असा अंदाज आहे. उरलेल्या भागात सुमारे १५० नावे ग्रीक अक्षरांत वाचता येतात. बहुतेक अक्षरे काळ्या खड्यांची, काही तांबड्या. आपल्या नकाशांत उत्तर वर असते. ह्यात पूर्व वर आहे. कारण सोपे आहे. चर्चची वेदी पूर्वेला असते. दारातून आत आलेला माणूस वेदीकडे तोंड करून उभा राहिला की नकाशातल्या दिशा आणि खऱ्या दिशा एकच होतात. हा नकाशा भिंतीवर टांगायचा नव्हताच. त्यावर उभे राहून तो वाचायचा होता.

मध्यभागी मृत समुद्र आडवा पसरला आहे, निळसर-करड्या लाटांचा. त्यात दोन नावा आहेत. एकीत पांढरा ढीग, बहुधा मिठाचा. दुसरीत पिवळसर, धान्याचा असावा. मृत समुद्राकाठी मीठ हेच पीक, तेव्हा ही नाव खोटी नाही. उत्तरेकडून जॉर्डन नदी येऊन समुद्राला मिळते. नदीत मासे आहेत. एक मासा प्रवाहाबरोबर समुद्राच्या तोंडाशी आला आहे, आणि दुसरा पाठ फिरवून उलट्या दिशेने परत निघाला आहे. त्या खाऱ्या पाण्यात मासा जगत नाही, ही गोष्ट कारागिराने एका अक्षराशिवाय सांगितली आहे. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात हे वाक्य मी तीन वेळा वाचले असेन. ते लक्षात राहिले ह्या माशामुळे. नदीवर पैलतीरी जायला दोर बांधलेल्या तरी आहेत, यरीहोभोवती खजुराची झाडे आहेत, आणि पूर्वेच्या रानात एक सिंह हरिणाच्या मागे धावतो आहे. सिंहाचा बराचसा भाग मात्र आता खड्यांचा नुसता गोंधळ आहे. त्याविषयी पुढे सांगते.

गाझा शहर अर्धेच उरले आहे. तरी त्या अर्ध्या तुकड्यावरूनही स्तंभांच्या रांगांचे मोठे रस्ते आणि दाट वस्ती दिसते. ते त्या काळी विद्येचे आणि व्यापाराचे मोठे ठिकाण होते. २०२२ साली गाझा पट्टीतल्या बुरेज येथे ऑलिव्हची झाडे मूळ धरीनात म्हणून एका शेतकऱ्याने जमीन खणली, तेव्हा त्याच्या कुदळीला अशीच बायझंटाइन मोझेक लागली, पक्ष्याप्राण्यांची. त्यानंतर वर्षभराने तेथे युद्ध सुरू झाले.

ह्या सर्वांत मोठे चित्र आहे ते जेरुसलेमचे. शेजारी लिहिले आहे, 'पवित्र नगरी जेरुसलेम'. लंबगोल तटबंदी, बुरूज, दारे, लाल कौलांची छपरे. उत्तरेच्या दारातून आत शिरताच एक मोकळे आवार आहे आणि त्यात एकच उंच खांब उभा आहे. तेथून एक सरळ हमरस्ता दक्षिणेकडे जातो, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी. प्राथमिक शाळेत आपण रस्ता काढून त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी पडलेली घरे काढत असू, तसेच ह्या कारागिराने केले आहे. रस्त्याच्या मध्याशी, ख्रिस्ताच्या कबरीवर बांधलेले चर्च चक्क उलटे, घुमट खाली आणि पायऱ्या वर असे आहे. चूक नव्हे ती. त्या चर्चचे तोंड पूर्वेकडे, रस्त्याकडे होते; रस्त्यावर उभ्या माणसाला ते जसे समोर येईल तसे दाखवायचे, तर ह्या नकाशात ते उलटेच काढावे लागणार. कारागिराने शहराला आकाशातून पाहिलेले नाही. तो त्या रस्त्यावरून चालला आहे, नाही तर चाललेल्या माणसाकडून ऐकून काम केले आहे.

हा रस्ता खरा होता की भाविकाची कल्पना? पुष्कळ वर्षे हा प्रश्न मोकळा होता, कारण तो आजच्या जुन्या जेरुसलेमच्या पोटात होता. एक धागा मात्र कधीच तुटला नव्हता. उत्तरेच्या त्या दाराला इंग्रजीत दमास्कस गेट म्हणतात, पण तेथले अरब त्याला म्हणतात 'बाब अल्-अमूद', खांबाचा दरवाजा. खांब केव्हाच नाहीसा झाला. लोकांच्या तोंडी तो उभाच राहिला. हे पुस्तकात वाचले तेव्हा मी नकाशातला तो खांब पुन्हा भिंगाखाली धरला.

१९६७ च्या युद्धानंतर जुने जेरुसलेम इस्राएलच्या ताब्यात आले आणि तेथल्या ज्यू वस्तीत मोठे उत्खनन झाले. त्याचे प्रमुख होते नाहमान अविगाद. १९७० च्या सुमारास त्यांना एका प्रचंड चर्चच्या भिंती लागल्या. नकाशात हमरस्त्याच्या दक्षिण टोकाशी जे मोठे चर्च दाखवले आहे, ते हे. जस्टिनियनने बांधलेले 'नेआ', म्हणजे नवे चर्च. १९७७ मध्ये त्याच्या खालच्या प्रचंड हौदात जस्टिनियनचे नाव असलेला ग्रीक लेखही मिळाला. त्याच दशकात तो खांबांचा रस्ताही सापडला, पदपथांसकट सुमारे २२ मीटर रुंद. २०१० मध्ये याफा दरवाज्याजवळ आजच्या रस्त्याखाली सुमारे साडेचार मीटरवर आणखी एक फरसबंद रस्ता लागला, आणि तोही नकाशात होता. २०१७ मध्ये दमास्कस दरवाज्याजवळ टेलिफोनच्या तारा टाकण्यासाठी खणताना मोझेकचा एक छोटा लेख निघाला; त्यात जस्टिनियनचे नाव आहे आणि एका मठाधिपतीचेही. जॉर्डन नदीच्या ह्या तीरावरच्या एका गावातील जमिनीने त्या तीरावरच्या शहराच्या तळघराची वाट दाखवावी, हा योग विलक्षण खरा. परंतु एक गोष्ट येथे नोंदवून ठेवते. जेरुसलेममध्ये कुदळ मारणे ही केवळ विद्येची गोष्ट कधीच नसते. कुणाच्या वस्तीत, कुणाच्या परवानगीने, आणि कुठल्या थरापाशी थांबायचे, ह्या प्रत्येक प्रश्नाला राजकारण चिकटलेले आहे. नकाशा कुणाचीही बाजू घेत नाही. तो वाचणारे घेतात.

ह्याच नेआ चर्चमुळे नकाशाचा काळही ठरला. ते चर्च ५४३ च्या सुमारास पूर्ण झाले आणि नकाशात ते आहे. म्हणजे नकाशा त्याच्या नंतरचा. आणि ५७० नंतर जेरुसलेममध्ये झालेल्या इमारती त्यात नाहीत. तेव्हा ह्या दोन सालांच्या दरम्यान केव्हा तरी मदाबाचे कारागीर गुडघे टेकून हे काम करीत होते.

ते काम कसे करीत, हे रोमन वास्तुकार विट्रुव्हिअस ह्याने आधीच लिहून ठेवले आहे. पद्धत थोड्याफार फरकाने शतकानुशतके तीच राहिली. प्रथम जमीन ठोकून घट्ट करायची आणि तीवर मुठीएवढ्या दगडांचा थर द्यायचा. त्यावर फोडलेले दगड आणि चुना मिसळून चांगले धुमसायचे. त्यावर विटांची पूड आणि चुना ह्यांचा बारीक थर, आणि सर्वांत वर चुन्याचा मऊ लेप, ज्यात खडे बसतात. आपल्याकडचा कुणी जुना गवंडी हे ऐकेल तर म्हणेल, ह्यात नवल ते काय, हे तर सोलिंग, कोबा आणि चुना-सुरखी! त्याचे म्हणणे खोटे नाही. चित्राचे आयुष्य ठरते ते ह्या न दिसणाऱ्या थरांवर. कोबा पोकळ झाला, ओल शिरली, झाडाची मुळे आली की खडे सुटू लागतात, आणि एक खडा सुटला की शेजारचे सैल होतात. १९६५ मध्ये जर्मन तज्ज्ञांनी मदाबाच्या नकाशाची मोठी दुरुस्ती केली, ती वेळेवर झाली म्हणून आज तो पाहायला मिळतो.

ओल आणि मुळे हे शत्रू झाले. मोझेकचा सर्वांत चांगला मित्र कोण, हे मला मदाबाजवळच्या नेबो पर्वतावरील गोष्टीने शिकवले. ह्याच पर्वतावरून मोशेने वचनभूमी पाहिली, अशी श्रद्धा आहे. फ्रान्सिस्कन पंथाच्या संन्याशांनी तेथे १९३३ पासून उत्खनन केले. १९७६ मध्ये मिकेले पिच्चिरिल्लो हे फ्रान्सिस्कन पुरातत्त्वज्ञ तेथील एक मोझेक दुरुस्तीसाठी उचलत असताना खाली आणखी एक जमीन दिसली. ५३० सालची, जवळजवळ अखंड. वर ज्यांनी दुसरी जमीन घातली त्यांनी खालची झाकून टाकली, आणि झाकली म्हणून ती वाचली. तिच्यावर शिकारी आहेत, झाडाखाली बसून मेंढ्या राखणारा गुराखी आहे, आणि दोरी धरून शहामृग, झेब्रा आणि एक ठिपक्याठिपक्यांचे उंटासारखे जनावर नेणारे लोक आहेत. कारागिराने जिराफ पाहिलेला नसावा. कुणी तरी 'उंटासारखा, पण ठिपक्यांचा' असे सांगितले आणि त्याने प्रामाणिकपणे तसाच काढला. त्या कारागिरांची नावेही तेथे आहेत: सोएलोस, काइओमोस, एलियास. आपल्याकडच्या कितीतरी उत्तम लेण्यांच्या कारागिरांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ह्या तिघांची आहेत.

खुद्द मदाबात १९८२ मध्ये असेच घडले. ज्या गोल चर्चचा वर उल्लेख केला, त्याच्याच खाली पिच्चिरिल्लोंना एका जुन्या श्रीमंत घराचे दालन सापडले, सहाव्या शतकातले. आणि चर्चखालच्या ह्या जमिनीवर कोण असावे? फेड्रा आणि हिप्पोलिटस, ग्रीक शोकांतिकेतली पात्रे. सौंदर्यदेवता आफ्रोडायटी आणि तिचा प्रियकर अडोनिस. आफ्रोडायटीने हातात चपल घेतली आहे आणि खोडकर मदनाला ती बडवायला निघाली आहे! सभोवती आणखी काही मदन, एक मधमाश्यांच्या पोळ्यात डोके घालणारा. ख्रिस्ती झालेल्या गावात, बिशप राहत असताना, एका गृहस्थाने आपल्या दिवाणखान्यात हे सारे निःसंकोच करून घेतले. ग्रीक कथा ह्या लोकांसाठी धर्म राहिल्या नव्हत्या, पण शिक्षण आणि रसिकता ह्यांच्या खुणा म्हणून त्या घरात होत्या. नंतर त्यावर चर्च बांधताना ही जमीन कुणी फोडली नाही, नुसती झाकली.

सगळ्याच जमिनींच्या नशिबी असे हळुवार झाकणे आले नाही. आठव्या शतकात ह्या प्रदेशातल्या अनेक मोझेकमधली माणसे आणि प्राणी पुसून टाकले गेले. नकाशातल्या दोन नावांमधल्या नावाड्यांच्या जागी आज रंगीत खड्यांचे ढिगारे आहेत; सिंहाचे तेच. जिवंत प्राण्यांची चित्रे असू नयेत, ह्या त्या काळच्या मताचा हा परिणाम. मुसलमान राज्यकर्त्यांच्या हुकमाने हे झाले की ख्रिस्ती लोकांनी स्वतःहून केले, ह्यावर विद्वानांत वाद आहे. माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. ज्यांनी हे केले त्यांनी कुदळ मारली नाही. त्यांनी चेहऱ्याचे खडे काढले, गोंधळून टाकले आणि त्याच जागी पुन्हा नीट बसवले. जमिनीला भोक राहू नये, कुणाचा पाय अडखळू नये, अशी काळजी घेतली. चित्र मोडणारे हातही कारागिराचेच होते, आणि बहुधा त्यांना त्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला उभे राहायचे होते.

१९९२ मध्ये मदाबात मोझेकची शाळा सुरू झाली. तेथे गावातली मुले खडे तासायला, जुन्या जमिनी स्वच्छ करायला आणि दुरुस्त करायला शिकू लागली. १९९५ मध्ये जुन्या गावाच्या मधोमध पुरातत्त्व उद्यान उघडले. एकोणिसाव्या शतकातल्या काही घरांसकट, खालच्या रोमन रस्त्यासकट. घरे पाडून टाकून नुसता 'प्राचीन' थर दाखवावा, असे त्यांनी केले नाही, हे मला फार आवडले. १८८० ला आलेल्या लोकांचा थरही आता इतिहासच आहे. प्रेषितांच्या चर्चमध्ये ५७८ सालची जमीन आहे. तिच्या मधोमध समुद्र स्त्रीरूपाने पाण्यातून वर येतो आहे, भोवती मासे आणि जलचर, आणि एका कोपऱ्यात नव्हे तर त्याच वर्तुळात सलमानिओस ह्या कारागिराचे नाव. समुद्रापासून इतक्या दूर, पठारावर, त्याने समुद्र केला.

आता एकच गोष्ट राहिली. मदाबाच्या त्या नकाशात मदाबा कुठे आहे? मी भिंग घेऊन पुष्कळ शोधले. केरक आहे, यरीहो आहे, बेथलेहेम अगदी लहानसे आहे. मदाबा नाही. नकाशाच्या ज्या भागात ते असायला हवे, तो भाग चर्च बांधण्याच्या धांदलीत किंवा त्याआधीच नाहीसा झाला.

मात्र १९८६ मध्ये मदाबाच्या आग्नेयेला, उम्म अर्-रसास नावाच्या ओसाड गावात, पिच्चिरिल्लोंनी सेंट स्टीफनच्या चर्चची जमीन मोकळी केली. आठव्या शतकातली, म्हणजे अरबांच्या राज्यातली, तरीही ग्रीक अक्षरांची. तिच्या कडेला जॉर्डनच्या दोन्ही तीरांवरच्या शहरांची चित्रे एकाखाली एक मांडली आहेत, प्रत्येकाचे नाव वर. एक चित्र त्या गावाचेच होते, आणि त्यावर 'कास्त्रोन मेफा' असे लिहिले होते. तोवर त्या अवशेषांचे मूळ नाव खात्रीने ठाऊक नव्हते. ते जमिनीनेच सांगितले. त्याच रांगेत आणखी एक लहान शहर आहे. तटाच्या आत इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत. वर काळ्या खड्यांत पाचच-सहा अक्षरे: मिदाबा.